लाल झालंय, पण गोड झालेलं नाही: कलिंगडाच्या खरेदीदारांना खुले पत्र

घाऊक बाजारातले अडतदार, शेतावर येऊन सौदा करणारे खरेदीदार आणि कलिंगडाच्या गाड्या भरणारे सगळे व्यापारी, यांस

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी एकाचा परवा फोन आला होता. गाडी रिकामी उभी होती, भाव वर होता आणि पलीकडून आवाज येत होता, "कापून बघितलंत ना? आतून लाल आहे ना? मग थांबलाय कशाला?" माणूस वाईट नाही. बरीच वर्षं माझा माल उचलतो, पैसे बुडवत नाही, काट्यावर कधी खोटं वागला नाही. पण त्याच्या या तीन प्रश्नांत आपल्या धंद्यातली सगळी गोची आहे. फोनवर मी "बघतो, सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. खरं उत्तर इथं लिहितो, कारण ते त्या एकट्यासाठी नाही.

कलिंगड आधी लाल होतं आणि मग गोड होतं. गराला रंग भरतो तेव्हा त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आलेलं असतं, पण जिला आपण साधी साखर म्हणतो ते सुक्रोज शेवटच्या काही दिवसांत जमतं. ते दिवस बाहेरून दिसत नाहीत. फळ तेवढंच असतं, वजन जवळपास तेवढंच, आत सुरी घातली तर रंगही तोच. फरक फक्त जिभेला कळतो. तुमचा धंदा डोळ्यांवर आणि काट्यावर चालतो, त्यामुळे हे चार-सहा दिवस तुम्हाला फुकट गेल्यासारखे वाटतात.

बरं, तोडून ठेवलं तर पुढे पिकेल, अशीही सोय नाही. केळ्यात पिष्ट साठवलेलं असतं, घड उतरवला तरी त्याची साखर होत राहते. कलिंगडाकडे अशी शिल्लक नसते. साखर पानात तयार होते आणि देठातून फळात येते. देठ कापला की ती वाट बंद. ज्या दिवशी तोडलं त्या दिवशीची गोडी हीच त्याची कायमची गोडी. गंमत अशी की रंग मात्र तोडल्यानंतरही थोडा वाढतो. अमेरिकेच्या कृषी संशोधन सेवेतल्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की न कापलेली कलिंगडं २१ अंश सेल्सिअसला ठेवली तर त्यांतलं लायकोपीन, म्हणजे लाल रंगाचं द्रव्य, वाढत जातं. म्हणजे घाईने तोडलेलं फळ तुमच्या गोदामात अजून लाल होईल, आणि घेणाऱ्याची फसगत अजून पक्की होईल.

आता शेतात काय चालतं ते जरा सांगतो. तुमच्यातल्या पुष्कळांनी शेत पाहिलंय ते फळं तयार झाल्यावरच. त्याच्या आधीचे दोन-अडीच महिने तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही.

कलिंगडाला ऊब लागते. जमीन गार असली तर बी कुजतं. अठरा अंशांच्या खाली त्याची उगवायची इच्छाच नसते, पंचवीस-तीस अंशांना ते झटकन वर येतं. म्हणून आता बहुतेक जण ट्रेमध्ये कोकोपीटवर रोपं करतात आणि ती दोन-तीन आठवड्यांची झाली की गादीवाफ्यावर लावतात. वाफ्यावर मल्चिंग पेपर, त्याखाली ठिबकच्या नळ्या. पेपरने तण दबतं, ओल टिकते, मुळं उबदार राहतात. त्याच त्याच जमिनीत वर्षामागून वर्ष हे पीक घेता येत नाही, मर रोग लागतो. हिरवागार वेल दुपारी मान टाकतो आणि दोन दिवसांत वाळतो. ज्यांच्याकडे जमीन थोडी आहे ते दुधी भोपळ्याच्या खुंटावर कलिंगडाचं कलम केलेली रोपं आणतात. जपानी शेतकऱ्यांनी ही युक्ती १९२०च्या दशकात काढली. रोप महाग पडतं, पण मूळ तगतं. खतं, फुलकिडे, मावा, फळमाशी, भुरी, केवडा यांची रडगाणी मी इथं गात नाही. ती प्रत्येक पिकाची असतात आणि तुम्ही ती ऐकून कंटाळला आहात.

फुलांबद्दल मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण तुमच्या गाडीचं वेळापत्रक तिथं ठरतं.

कलिंगडाच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी वेगळी फुलं येतात. आधी नर फुलं येतात, ढिगाने. मग मध्येच एखादं मादी फूल. ते ओळखायला अगदी सोपं: पिवळ्या पाकळ्यांच्या खाली हरभऱ्याएवढं, लव असलेलं, पट्टेदेखील दिसणारं पिटुकलं कलिंगड आधीच बसलेलं असतं. हे फूल सकाळी ऊन आल्यावर उघडतं आणि दुपारपर्यंत मिटतं. पुन्हा उघडत नाही. त्या चार-सहा तासांत मधमाशीने नर फुलावरचे पराग आणून त्याच्या तीन भागांच्या कुक्षीवर, म्हणजे पराग धरणाऱ्या टोकावर, सगळीकडे लावायचे असतात. एकदा येऊन भागत नाही. १९६६ मध्ये फ्लोरिडात झालेल्या अभ्यासात एका फुलाला किमान आठ वेळा तरी मधमाशीची भेट लागते असं आढळलं होतं. तीन भागांपैकी एकाला पराग कमी पडले की त्या बाजूला बिया धरत नाहीत, ती बाजू मागे राहते, आणि फळ वाकडं, एका अंगाने चपटं होतं. तुम्ही काट्यावर जे "बेडौल" म्हणून बाजूला काढता त्यातली बरीच फळं अशी एका सकाळच्या ढगाळ हवेची असतात. त्या दिवशी माश्या बाहेर पडल्या नव्हत्या, एवढीच त्यांची चूक.

म्हणून मी फुलोऱ्याच्या आधी मधपेट्या आणून बांधावर ठेवतो, आणि त्या दिवसांत सकाळी पंप कोणाच्या पाठीवर दिसला तर माझा आवाज चढतो. फवारायचंच असेल तर संध्याकाळी, माश्या पेटीत परतल्यावर.

आता यातला तुमच्या कामाचा भाग. मादी फुलं सगळ्या वेलांवर एकाच दिवशी उमलत नाहीत. एकाच वेलावरही पहिलं फळ धरतं आणि पुढचं आठ-दहा दिवसांनी धरतं. फूल मिटल्यापासून फळ तयार व्हायला जातीनुसार आणि हवेनुसार तीस ते पंचेचाळीस दिवस जातात. म्हणजे शेतात एकाच वेळी पूर्ण पिकलेली, चार दिवस बाकी असलेली आणि दहा दिवस बाकी असलेली फळं शेजारी शेजारी पडलेली असतात, आणि आकाराने ती कधी कधी सारखीच असतात. तुम्ही म्हणता, "एका झटक्यात रान मोकळं करा, गाडी एकच पाठवतो." एका झटक्यात रान मोकळं केलं की त्या गाडीत तिन्ही प्रकारची फळं जातात. मग किरकोळ विकणारा म्हणतो, एक गोड निघतं आणि दोन फिकी. निघणारच. आपणच तशी भरली.

मी एक साधा उपाय करतो. फळं धरायला लागली की दर चार दिवसांनी शेतात फेरी मारतो आणि त्या वेळी लिंबाएवढ्या झालेल्या फळांजवळ वेलाला दोरा बांधतो. पहिल्या फेरीला लाल, दुसऱ्या फेरीला पिवळा, तिसऱ्या फेरीला निळा. प्रत्येक फळाला नाही बांधता येत, पण दहा-पंधरा पावलांवर एखादा पुरतो. वहीत तारीख. पुढे तोडणीला माणसं आली की त्यांना सांगायला सोपं जातं: आज फक्त लाल दोऱ्याच्या बरोबरीचा माल. माझा मुलगा हसतो, म्हणतो फोनमध्ये नोंद ठेवा. फोन वेलाला बांधता येत नाही.

पाण्याबद्दलही थोडं खरं बोलायला हवं, आणि ते आमच्याच अंगावर येणारं आहे. कलिंगडात ९१-९२ टक्के पाणी असतं. तुम्ही वजनावर घेता, म्हणजे आमच्याकडून मुख्यतः पाणी विकत घेता. शेवटच्या आठवड्यात पाणी कमी केलं तर गोडी दाटते; चालू ठेवलं तर फळ फुगतं, वजन वाढतं आणि गर पाणचट होतो. काटा कोणाला बक्षीस देतो ते तुम्हीच सांगा. आमच्यातले काही जण तोडणीच्या आदल्या दिवसापर्यंत ठिबक सोडून ठेवतात. ते चूक करतात, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय. पण भावात फिक्या आणि गोड मालाला एकच आकडा लागत असेल, तर माझ्या सांगण्याला किती किंमत राहणार?

फुगवण्याचा हा मोह कुठल्या थराला जातो त्याचं उदाहरण चीनमधलं आहे. जगातली निम्म्याहून जास्त कलिंगडं त्या एका देशात पिकतात. २०११ च्या मे महिन्यात जिआंग्सू प्रांतातल्या दानयांग भागात शेतातली कलिंगडं आपोआप फुटायला लागली. फॉरक्लोरफेन्युरॉन नावाचं वाढ संजीवक काहींनी फवारलं होतं, तेही उशिरा, आणि वरून पाऊस. ज्यांनी ते फवारलंच नव्हतं अशांचीही काही फळं फुटली, म्हणून पातळ सालीची जात आणि एकदम आलेलं पाणी यांच्याकडेही बोट दाखवलं गेलं. कारण एक असो वा तीन, साल जेवढी ताणली जाते त्यापेक्षा आतला गर जोरात वाढला की फळ तडकतं. हे आम्ही लहान प्रमाणात दर मोठ्या पावसानंतर पाहतो.

मग तयार फळ ओळखायचं कसं? तुमची माणसं शेतात आली की पहिली टिचकी मारतात. टिचकी मी पण मारतो, सवय आहे. कच्चं फळ टणटण वाजतं, तयार फळ बदबद. पण टिचकीवर सगळी भिस्त ठेवू नका. आतून फाकलेलं, गाभ्यात पोकळी धरलेलं फळही बदबदच बोलतं.

खाली बसा. फळाचा देठ वेलाला जिथं जोडलेला आहे तिथंच एक बारीक, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली बाळी असते. ती हिरवी आणि लुसलुशीत असली तर हात मागे घ्या. टोकाकडून तपकिरी व्हायला लागली असेल तर जवळ आलंय. मुळापर्यंत वाळून, बोटात धरली की काडीसारखी मोडते तेव्हा फळ बहुधा तयार असतं. नंतर फळ अलगद कुशीवर वळवा, वेलाला पीळ पडू देऊ नका, आणि जमिनीला टेकलेला डाग बघा. पांढरा किंवा फिकट हिरवा असेल तर नाही. लोण्यासारखा पिवळट झाला असेल तर हो. सालीवरची चकाकी जाऊन ती थोडी मंद दिसते. अंगठ्याने दाबलं तर साल टणक लागते, नखाला सहज सापडत नाही. बाळी, डाग आणि साल या तिघांचं एकमत झालं तर मी तोडतो. जातीजातीत फरक असतो. काहींची बाळी लवकर वाळते आणि फळाला अजून आठवडा बाकी असतो. म्हणून दोऱ्याची तारीख जोडीला.

आणि शेवटी रिफ्रॅक्टोमीटर, रसातली गोडी मोजायचं साधन. पेनापेक्षा थोडी मोठी नळी, काचेवर रसाचे दोन थेंब, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रतवारीत रसात किमान ८ टक्के विद्राव्य घटक, म्हणजे मुख्यतः साखर, असले तर आतला दर्जा "चांगला" आणि १० टक्के असले तर "फार चांगला" धरतात. रस फळाच्या गाभ्यातून घेतात, हे लक्षात ठेवा. सालीजवळचा गर नेहमीच फिका असतो, तिथून घेतला तर शेतकऱ्यावर अन्याय होईल. आणि नमुना म्हणून शेताच्या कडेचं, रस्त्यालगतचं एकच फळ कापू नका. तीन ठिकाणची तीन कापा. ती फळं माझ्या खात्यात धरा, मला चालेल.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो, म्हणजे मी फार शहाणा आहे असा गैरसमज होणार नाही. बाजारात माल कमी होता. एका खरेदीदाराने शेतावर थेट गाडी आणून उभी केली. चढा भाव सांगितला, हातात विसार ठेवला, म्हणाला आजच्या आज भरा. लाल दोऱ्याची फळं तयार व्हायला पाच-सहा दिवस होते, पिवळ्याला दहा. मी एक फळ कापलं. लाल होतं. चाखलं. काकडीच्या पुढे गेलेलं आणि कलिंगडाच्या अलीकडे राहिलेलं, अशी काहीतरी चव होती. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने गाडीकडे पाहिलं, आणि मी "भरा" म्हणालो. संध्याकाळपर्यंत सगळं रान उचललं. पैसे मिळाले, चोख मिळाले. चार दिवसांनी त्याचा फोन आला की निम्म्या मालाला उठाव नाही, लोक अर्धं कापलेलं फळ परत आणून देतायत. पुढच्या तोडणीला त्याने माझ्या शेताचं नाव ऐकून भाव पाडला. त्या वेळचा माल खरंच गोड होता. मी गाभ्यातला रस काढून आकडा दाखवायला तयार होतो. त्याला तो आकडा बघायचा नव्हता. त्याला मागची गाडी आठवत होती, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. "भरा" मीच म्हणालो होतो.

बाजारात मग या फिक्या मालाचं काय होतं? लोकांच्या डोक्यात संशय शिरतो. इतकं लाल आणि चव नाही, म्हणजे नक्की इंजेक्शन दिलंय! रंगाची सुई टोचलेल्या कलिंगडाच्या कहाण्या सगळीकडे फिरतात. गराच्या मध्ये पडलेली भेग, पांढऱ्या जाड शिरा, पिवळट धागे, जे दिसेल त्याला पुरावा म्हणतात. भेग बहुतेक अपुऱ्या परागीभवनाने किंवा वाढीच्या काळात एकदम मिळालेल्या पाण्याने पडते. शिरा त्या फळाच्याच असतात. आणि टणक गरात सुईने रंग सोडला तर तो एका जागी डबकं करून राहतो, सगळीकडे एकसारखा पसरत नाही. वर टोचलेल्या जागेतून फळ कुजायला लागतं. हजारो फळांच्या गाडीत हे कोण आणि कशासाठी करेल? पण मी हे कितीही समजावलं तरी फिकं फळ खाल्लेल्या माणसाला ते पटत नाही. त्याचा अनुभव खरा आहे. त्याने काढलेलं कारण तेवढं चुकीचं आहे. या अफवेला आपण दोघं मिळून खतपाणी घालतो, दरवेळी अर्धी कच्ची गाडी भरून.

तोडणी आणि भरणीबद्दल आता माझी थोडी गाऱ्हाणी.

तोडणी पहाटे करायचा आग्रह सोडा. रात्रभर पाणी प्यायलेलं फळ पहाटे अगदी ताठ असतं, सुरीचा धक्का किंवा हातातून हातात जाताना बसलेला दणका त्याला पुरतो, उभी चीर जाते. ऊन थोडं चढल्यावर, दुपारकडे ते जरा सैल पडतं. माणसांना उन्हात त्रास होतो हे खरंय, म्हणून मी दोन सावल्या उभ्या करतो, एक फळांना आणि एक माणसांना. फळ ओढून तोडू नका. ओढलं की देठाच्या जागी भोक पडतं आणि तिथून बुरशी शिरते. सुरीने कापायचं, बोटभर देठ फळाला ठेवून. आणि तोडलेलं फळ उन्हात, डाग वर करून टाकू नका. तो भाग आयुष्यभर जमिनीकडे तोंड करून होता, त्याला ऊन सोसत नाही, करपतो.

मग साखळी लागते. शेतातून गाडीपर्यंत सात-आठ जण उभे राहतात आणि फळ एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फेकलं जातं. पाहणाऱ्याला हे फार देखणं वाटतं. मला प्रत्येक फेकीला पोटात धस्स होतं. झेलणाऱ्याने हात मागे घेत घेत झेललं तर ठीक; ताठ हाताने झेललं तर साल शाबूत राहते आणि आतला गर त्या जागी दबतो. बाहेर काही दिसत नाही. तीन दिवसांनी कापलं की तिथं गडद, पाणी सुटलेला, पिठूळ पट्टा असतो. गाडीच्या फळ्यांना आणि तळाला पेंढा हवा, जाड हवा. थप्पी लावताना फळ आडवं ठेवा. लांबट जातीचं फळ टोकावर उभं करू नका, टोकांना साल पातळ असते. गाडी कडेपर्यंत भरली पाहिजे हा हट्ट धरला की वरच्या थराचं सगळं ओझं तळातली फळं सोसतात, आणि त्या तळाच्या थराची नुकसानी तुम्ही आमच्या हिशेबात लावता.

एक सांगू? हे फळ तुमच्या गाडीसाठीच तर घडवलं गेलंय. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या सरकारी संशोधन केंद्रात चार्ल्स फ्रेडरिक अँड्रस यांनी १९५४ मध्ये चार्ल्सटन ग्रे ही जात आणली. मर रोगाला दाद न देणारी, लांबट, थप्पीत नीट बसणारी, टणक सालीची, फिक्या राखाडी-हिरव्या रंगामुळे उन्हाने कमी करपणारी. लांबच्या बाजारात माल पाठवायचा तर असंच फळ हवं होतं, आणि आज शेतात दिसणाऱ्या कितीतरी जातींच्या वंशात ती आहे. बिनबियांच्या कलिंगडामागे जपानी शास्त्रज्ञ, क्योतोचे हितोशी किहारा यांचं काम. त्यांचा त्यावरचा इंग्रजी प्रबंध १९५१ मध्ये छापून आला. गुणसूत्रांचे दोनाऐवजी चार संच असलेल्या मादी झाडाचा साध्या झाडाशी संकर केला की तीन संचांचं बी मिळतं, आणि त्याच्या फळात बी धरत नाही. पण त्या वेलाचे पराग निकामी असतात, म्हणून शेतात मधेमधे साधं, बियांचं कलिंगड लावावंच लागतं. तेव्हा बिनबियांच्या मालात बियांची चार फळं निघाली तर शेतकऱ्याने भेसळ केली असं म्हणू नका. तोडणाऱ्याची नजर चुकली एवढंच. दूरच्या सुदानातल्या कोर्डोफान भागातलं एक पांढऱ्या गराचं, कडू नसलेलं फळ आपल्या कलिंगडाचं सगळ्यांत जवळचं नातेवाईक आहे, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं. तिथून इथवर यायला हजारो वर्षं गेली आणि शेवटचे पाच दिवस थांबायला आपल्याकडे वेळ नाही.

तुमच्या गोदामाबद्दल मी जास्त बोलत नाही, तो तुमचा प्रांत. फक्त दोन गोष्टी. कलिंगड बर्फाच्या खोलीत ठेवायचं फळ नाही. सात-आठ अंशांच्या खाली काही दिवस राहिलं तर सालीवर खड्डे पडतात, रंग उतरतो, चव बिघडते. दहा ते पंधरा अंशांना ते दोन-तीन आठवडे नीट राहतं. आणि पिकणारी केळी, सफरचंदं, खरबुजं यांच्या शेजारी त्याची थप्पी लावू नका. त्यांच्यातून सुटणारा एथिलीन वायू कलिंगडाचा गर मऊ आणि पाणचट करून टाकतो. तुमच्याकडे आल्यावर बिघडलेलं फळही शेवटी "शेतातूनच तसं आलं" म्हणून परत येतं.

तुमचं म्हणणं काय असेल ते मला माहीत आहे. बाजारात पहिली गाडी ज्याची त्याला भाव. तुम्ही चार दिवस थांबलात तर शेजारचा थांबणार नाही, तो आपली कच्ची गाडी पाठवेल आणि पैसे करून मोकळा होईल. हे खोटं नाही. यावर माझ्याकडे जादूचं उत्तरही नाही. पण आज सौदा होतो तो आकारावर आणि वजनावर. त्यात गाभ्याच्या रसाचा आकडा घाला. दहाच्या वर असेल तर एक भाव, आठ ते दहा असेल तर दुसरा, आठच्या खाली असेल तर गाडी लावू नका, आम्ही कितीही गळ घातली तरी. असं दोन-चार अडतदारांनी जरी धरलं तरी तोडणीच्या आदल्या रात्रीचा ठिबक कोण चालू ठेवेल? रान एका झटक्यात मोकळं करण्याऐवजी दोन-तीन तोडे होऊ द्या. गाडीभाडं वाढतं म्हणत असाल तर आसपासच्या तीन शेतांतला एकाच वयाचा माल एका गाडीत भरता येतो, आम्ही शेतकरी आपसात तारखा जुळवू. आणि प्रत्येक गाडीच्या मालाला शेताची खूण आणि तोडणीची तारीख राहू द्या, म्हणजे माझ्या कच्च्या गाडीचं पाप दुसऱ्याच्या गोड गाडीवर जाणार नाही, आणि त्याचं माझ्यावर येणार नाही.

जपानमधल्या झेंत्सुजी गावात पारदर्शक खोक्यात वाढवून चौकोनी कलिंगडं करतात. ती कच्चीच तोडतात, भारी किंमतीला विकतात आणि स्पष्ट सांगतात की ही शोभेची आहेत, खायची नाहीत. मला तो व्यवहार आपल्यापेक्षा प्रामाणिक वाटतो.

माझ्या रानात लाल दोऱ्याची फळं येत्या सोमवारी तयार होतील असा अंदाज आहे, पिवळ्याची त्यानंतर चार-पाच दिवसांनी, निळ्याची आणखी तेवढ्यानेच. पाणी मी कालपासून कमी केलंय. परवा फोन केलेल्या गृहस्थांसह ज्यांना यायचं असेल त्यांनी सोमवारी दुपारी यावं, सुरी आणि रिफ्रॅक्टोमीटर बांधावर असेल. कुठली तीन फळं कापायची ते तुम्ही निवडा. गाडीत पेंढा मात्र घालून आणा, मागच्या वेळी निम्म्या फळ्या उघड्याच होत्या.

आपला,
एक कलिंगड उत्पादक